जयप्रकाश पेंडुरकर, निरक्षर (पुरुष), वय ६३

यादीत एकूण एकेचाळीस निरक्षर होते आणि त्यांतले सतरावे जयप्रकाश पेंडुरकर होते.

त्यांनी यादी पुन्हा वाचली. खरं तर निरक्षर माणसाला यादी एकदाही वाचता येत नाही, पण हा युक्तिवाद ऐकून घ्यायला शाळेच्या फाटकापाशी कोणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. पेंडुरकरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

१७. पेंडुरकर जयप्रकाश रामचंद्र. पुरुष. वय ६३. वाचन: नाही. लेखन: नाही. अंकज्ञान: नाही. स्वयंसेवक शिक्षक: श्रीमती भागीरथी मढवी.

वाचन-लेखनाचं एक वेळ सोडून देऊ. पण ज्या माणसाने बेलापूरच्या सरकारी कचेरीत चौतीस वर्षं जावक क्रमांक घातले, एकही क्रमांक गाळला नाही की दोनदा घातला नाही, त्याला अंकज्ञान नाही?

भागीरथी डोक्यावरची पाटी सांभाळत शेजारी उभी होती. बुधवार, शुक्रवार आणि रविवार ती पेंडुरकरांच्या सोसायटीत मासळी विकायला यायची आणि विक्री आटोपली की त्यांच्याकडे अक्षरं शिकायची. यादी बघायला तिनेच त्यांना ओढून आणलं होतं.

"काय लिवलाय सायेब? माजा नाव हाय?"

"आहे."

"कुटं?"

त्यांनी बोट दाखवलं. भागीरथीने मान न हलवता, पाटीतल्या बर्फाचं पाणी कानामागून ओघळत असताना, वाचलं. "भा... गी... र... थी." तिचा चेहरा असा उजळला की पेंडुरकर क्षणभर स्वतःचं दुःख विसरले. मग ती डावीकडे सरकली. "शि... क्ष... क. शिक्षक म्हंजे शिकवनारा ना?"

"हो."

"मग शिकनारा कोन?"

पेंडुरकरांनी बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं. भागीरथीने स्वतःच वाचलं. वेळ लागला, कारण आडनाव लांब होतं आणि त्यात ड ला उकार होता.

"सायेब," ती शेवटी म्हणाली, "तुमचा नाव एकदम सुद्द लिवलाय हां."

रकाना १: चूक कशी झाली (थोडक्यात)

थोडक्यात सांगणं पेंडुरकरांना कधी जमलं नाही, म्हणून आपणच सांगू.

साक्षरता परीक्षेच्या नोंदणीच्या फॉर्मात दोन चौकटी होत्या. वरची शिकणाऱ्याची, खालची शिकवणाऱ्याची. तसं बारीक अक्षरात छापलंही होतं. पण सरकारी कागदाचं एक शास्त्र असतं आणि ते पेंडुरकरांच्या हाडात मुरलेलं होतं: वर साहेबाचं नाव, खाली पक्षकाराचं. चौतीस वर्षांत याला अपवाद झाला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, वरच्या चौकटीत आपलं नाव घातलं, खालच्या चौकटीत भागीरथीचं घातलं, आणि मग फॉर्मवरच्या सूचना वाचायला घेतल्या. त्यातही तळटीपेपासून. तळटीप वाचून त्यांचं समाधान झालं. वरपर्यंत ते पोचलेच नाहीत.

खालच्या चौकटीत भागीरथीने सही केली. सरकारी कागदावरची तिची पहिली सही. तिला बारा मिनिटं लागली. 'थी' ची वेलांटी काढताना तिची जीभ बाहेर आली होती. त्या बारा मिनिटांत पार्किंगमधून दोन गाड्या बाहेर जायच्या थांबल्या, कारण वर्ग पार्किंगमध्ये भरत असे. सही झाल्यावर पेंडुरकरांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "उत्तम. आता पुढच्या कार्यवाहीसाठी पाठवतो."

त्यांची शिकवण्याची पद्धतही सांगायला हवी. जगात सगळीकडे माणसं कमळ, बदक, घर अशी शिकतात. भागीरथी 'महोदय' पासून सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात 'विषय', तिसऱ्यात 'संदर्भ'. महिन्याभराने ती 'उपरोक्त' लिहू लागली, पण 'मासा' लिहिता येत नव्हतं.

"अहो, तिला आधी बोंबील, कोळंबी असलं काही शिकवा," पेंडुरकरांच्या पत्नी मीनाताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायच्या.

"पाया मजबूत हवा," पेंडुरकर म्हणायचे.

"कसला पाया? ती काय मंत्रालयात मासे विकणारे?"

रकाना २: कार्यालयात केलेला पाठपुरावा

पालिकेच्या शिक्षण विभागात टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे फायलींची चळत होती आणि चळतीवर चहाचा कप. पेंडुरकरांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

"नोंदणीत चूक आहे," ते म्हणाले.

"कोणाच्या?"

"माझ्या. मी साक्षर आहे."

बाईंनी मान वर केली. "अभिनंदन."

"म्हणजे आधीपासूनच आहे."

"मग फॉर्म कशाला भरलात?"

या प्रश्नाला पेंडुरकरांकडे दीड पानी उत्तर होतं आणि ते त्यांनी तीन प्रतींत आणलं होतं. दोन्ही बाजूंना समास, अक्षर मोत्यासारखं. बाईंनी अर्ज हातात घेतला, कौतुकाने पाहिला आणि परत केला.

"हा तुम्ही लिहिलात?"

"स्वहस्ते."

"मग घेता येणार नाही. यादीत तुम्ही निरक्षर आहात. निरक्षर माणसाचा स्वहस्ते अर्ज मी घेतला तर उद्या ऑडिटवाले मला फाडून खातील. दुसऱ्याकडून लिहून आणा आणि खाली अंगठा लावा." त्यांनी ड्रॉवर उघडून शाईचा पॅड पुढे सरकवला. "किंवा इथेच लावा."

पेंडुरकर पॅडकडे बघत राहिले. असा पॅड त्यांनी आयुष्यात हजार माणसांपुढे सरकवला असेल. पेन्शनवाले, जमीनवाले, थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्या. "हां, डावा अंगठा, जोरात दाबा, पुढे कोण?" त्यांच्यापुढे पॅड आज पहिल्यांदा सरकला होता.

"मी अंगठा लावणार नाही," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला.

"मग सोपं करते," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांचा चहा गार होत होता. "दोघांच्या नोंदी रद्द करते. पुढच्या वर्षी नवीन फॉर्म भरा. तुमचं नाव आज यादीतून जाईल."

आज! पेंडुरकरांच्या तोंडून "करा" हा शब्द जवळजवळ निसटला होता. तेवढ्यात दाराबाहेरून, पाटी जमिनीवर ठेवून बसलेल्या भागीरथीचा आवाज आला.

"म्हंजे माजी यंदाची परीक्षा?"

"पुढच्या वर्षी, मावशी," बाई म्हणाल्या.

"पुडचा वरीस कोनी बगलाय? पोराची शाला झाली का शिकन, पोरीचा लगीन झाला का शिकन. वीस साल पुडचा वरीस पुडचा वरीस करीत आले मी." मग पेंडुरकरांकडे बघून ती हळू म्हणाली, "घरान सगल्यांच्या मार्कशिटी हायत सायेब. प्लास्टिकच्या फायलीत घालून ठेवल्यात. नवऱ्याची सातवीची हाय, पोराची हाय, सून अर्पिता तर बी.कॉम. माजा काय हाय त्या फायलीत? रेशनकार्डाची झेरॉक्स."

पेंडुरकरांनी तीन प्रती पिशवीत भरल्या. "राहू द्या," ते बाईंना म्हणाले. "रद्द नको."

रकाना ३: शेजाऱ्यांचे अभिप्राय

(हा रकाना फॉर्मात नाही. तो नसल्यामुळेच आपल्याकडच्या योजना फसतात, असं पेंडुरकरांचं मत आहे.)

सोसायटीचे सेक्रेटरी अभय यांनी यादीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांचा हेतू नेहमीच चांगला असतो, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही.

*आपल्या बी विंगचे पेंडुरकर काका वयाच्या ६३ व्या वर्षी साक्षर होण्यासाठी धडपडत आहेत. शिकायला वय नसतं! सलाम! 🙏🙏*

*Proud of you kaka 💪*

*काका इतकी वर्षं कधी जाणवू दिलं नाही हो*

*मग सोसायटीच्या सभेचा वृत्तान्त कोण लिहायचं??*

*मिसेस लिहीत असणार*

पेंडुरकरांनी साडेतीनशे शब्दांचा खुलासा लिहिला. ग्रुपवर लगेच उत्तर आलं: *वा काका, एवढी प्रगती! शिक्षिकेचं अभिनंदन!*

वरच्या मजल्यावरचे शिवराम संध्याकाळी मुद्दाम खाली आले. शिवरामांना कशावरही उपाय माहीत असतो. "ॲफिडेव्हिट कर," ते म्हणाले. "मी, अमुक अमुक, शपथेवर सांगतो की मला वाचता येतं. नोटरीचा शिक्का. पेपरात जाहिरात. विषय संपला."

"पेपरात?"

"दोन पेपरात. एक इंग्रजी."

"त्यापेक्षा परीक्षा द्यावी," मीनाताई चहा ठेवत म्हणाल्या. "पास झालात की सुटलात."

पेंडुरकर हसले. मग हसायचे थांबले. त्यांच्या लक्षात आलं की बायको चेष्टा करत नव्हती.

रकाना ४: तांत्रिक बाबी

यादी संगणकात भरण्याचं काम बाहेर दिलेलं होतं, रबाळ्याला, कारखान्यांच्या गल्लीतल्या एका गाळ्यात. शेजारी नट-बोल्ट बनत होते. आत निशांत नावाचा तरुण बसला होता. त्याच्या कानात यंत्र होतं आणि तो एकाच वेळी पेंडुरकरांशी आणि आणखी कोणाशी तरी बोलत होता, त्यामुळे कुठलं वाक्य आपलं हे ओळखावं लागे.

"काका, टेन्शन नका घेऊ. नाय रे, त्याला सांग संध्याकाळी ये. तुमचं काय आहे, सिस्टिममध्ये लर्नर आणि टीचर उलटे होत नाहीत. जेवलास का तू?"

"मी डबा आणलाय," पेंडुरकर म्हणाले.

"तुम्हाला नाय काका. हां, तर लर्नर पास झाला की नाव आपोआप उडतं. टीचर पण मोकळा होतो."

"आणि पास झाला नाही तर?"

निशांतने पहिल्यांदाच कानातलं यंत्र काढलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, मेहनत करा. होईल."

रकाना ५: प्रशिक्षण

यादीतल्या स्वयंसेवक शिक्षकांना एक दिवसाच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. अर्थातच ते भागीरथीला आलं. पत्र तिने स्वतः वाचलं, तेही पूर्ण, आणि शेवटी म्हणाली, "जेवान हाय."

"तुम्ही कशाला जाता? तिथे खरी गोष्ट सांगू, मी येतो," पेंडुरकर म्हणाले.

"तुमी पन या ना. 'शिकनाऱ्यास सोबत आनावे' असा लिवलाय."

शाळेच्या हॉलमध्ये शिक्षक पुढे खुर्च्यांवर आणि शिकणारे मागे सतरंजीवर अशी व्यवस्था होती. पेंडुरकर खुर्चीकडे निघाले, तेव्हा बिल्ला लावलेल्या मुलीने त्यांचा दंड अलगद धरला. "आजोबा, आपण इकडे. लाजायचं नाही." ते सतरंजीवर बसले. शेजारच्या गंगूबाईंनी त्यांना तपकीर विचारली.

प्रितम सर नावाचे पालिकेच्या शाळेतले तरुण शिक्षक बोलत होते. घसा बसेपर्यंत बोलून त्यांनी विचारलं, "आता आपल्यापैकी कोणी सांगेल का, आपला विद्यार्थी कसा आहे? अडचणी काय येतात?"

कोणी उठेना. भागीरथी उठली.

मागे पेंडुरकरांनी डोळे मिटून घेतले.

"माजा इद्यार्थी हुशार हाय," भागीरथी म्हणाली. "पन हट्टी हाय. पयल्या दिवशी मना वाटला, याच्याशी आपला काय जमनार नाय. आवाज मोठा. चुकला का लगेच लाल लाल होतो. मी म्हटला, भागीरथी, दमान घे. मोठ्या वयाच्या मानसाला शिकायची सरम वाटते. त्याला सगल्यांच्या समोर 'चूक, चूक' करायचा नाय. त्याचा हात असा खसकन धरायचा नाय. हात धरला का मानूस आतल्या आत म्हातारा होतो."

बिल्लेवाल्या मुलीने वही उघडली.

"आनि त्याच्या कामाचा शिकवायचा. माज्या... माज्या इद्यार्थ्याला मी चार महिने नको त्ये शब्द शिकीवले. बिचारा शिकला. पन त्याला पयला काय पायजे होता? बसवरचा नाव. औषदाच्या बाटलीवरचा नाव. नातवाचा नाव. कोनी इचारलाच नाय." ती थांबली आणि तिला मागे बसलेला माणूस आठवला असावा. "पन मानूस वाईट नाय हां. एक दिस खाडा केला नाय त्यान. तापात पन आला. मना कोनी येवडा वेल दिला नाय जल्मान."

टाळ्या झाल्या. प्रितम सर म्हणाले, "यालाच प्रौढ शिक्षणाचं मानसशास्त्र म्हणतात." बिल्लेवाल्या मुलीने ते लिहून घेतलं. गंगूबाई पेंडुरकरांच्या कानाशी म्हणाल्या, "नशीबवान हाव तुमी. आमचा मास्तर नुसता मोबाइल बगतो."

पेंडुरकरांनी तपकीर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. शिंका आल्या, आणि शिंका आल्यामुळे डोळे पुसायची सोय झाली.

जेवणाच्या रांगेत त्यांनी प्रितम सरांना गाठून सगळं खरं सांगितलं. सर आधी हसले, मग त्यांचा चेहरा पाहून थांबले. "एक मार्ग आहे," ते म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी केंद्रावर ऐनवेळी नवी नोंदणी होते, रद्द झालेल्या नावांची सोडून. फक्त साक्षर माणसाने शिकणाऱ्याला घेऊन यायचं. केंद्र दहा ते पाच उघडं असतं, पेपर तीन तासांचा आणि तिथेच तपासतो. तुम्ही सकाळी पेपर द्या, पास व्हा. तुमच्या बाई मोकळ्या. मग तुम्ही साक्षर म्हणून त्यांना आणा. पण दोनच्या आत, नाहीतर त्यांचे तीन तास भरणार नाहीत."

"म्हणजे मी परीक्षेला बसायचं? निरक्षर म्हणून?"

"दीडशेपैकी पन्नास लागतात," सर म्हणाले. "जमेल ना?"

त्या दिवसापासून पार्किंगमधला वर्ग बदलला. फळ्यावर 'उपरोक्त' च्या जागी बसवरचं 'खांदेश्वर' आलं, मग 'ताप' आणि मग नातवाचं नाव 'कल्पेश'. पेंडुरकर "चूक" म्हणायचं थांबले. त्याऐवजी ते खोकायचे. भागीरथीने ती खोकल्याची भाषा दोन दिवसांत आत्मसात केली.

रकाना ६: परीक्षेचा दिवस, रविवार

हजेरीपटावर सहीचा रकानाच नव्हता. पेंडुरकरांनी पॅडकडे पाहिलं, डावा अंगठा शाईत बुडवला आणि जोरात दाबला. कोणी "पुढे कोण?" म्हणायच्या आत ते स्वतःच बाजूला झाले.

बाक तिसरीच्या मुलांचा होता. गुडघे हनुवटीला लागत होते. पेपर सोपा असेल असं आपल्याला वाटेल, पण सोपा पेपर सोडवणं हे कार्यालय अधीक्षकाचं काम नव्हे. पेंडुरकरांनी आधी सूचना वाचल्या. या वेळी वरपासून. मग त्यांच्या लक्षात आलं की आठ क्रमांकाचे प्रश्न दोन आहेत. त्यांनी समासात हरकत नोंदवली. चित्र पाहून तीन वाक्ये लिहायची होती. चित्रात बाजार होता, त्यांनी अकरा लिहिली, त्यांतली चार अतिक्रमणाबद्दल.

खिडकीबाहेर भागीरथी उभी होती. हातात पाटी होती, कारण घरी तिने सांगितलंच नव्हतं. "नापास झाले तर? नेमीसारकी पाटी घेऊन निगाले, कुनाला काय कलतंय," असं ती सकाळी म्हणाली होती. अर्धी मासळी अजून शिल्लक होती आणि ती वरचेवर ओलं गोणपाट सारखं करत होती. बारा वाजले. साडेबारा. तिने खिडकीतून खोकून पाहिलं.

पेंडुरकरांनी एक वाजता पेपर दिला. प्रितम सरांच्या टेबलावर आधीचे नऊ पेपर होते. पेंडुरकर उभे राहिले. निकालाच्या वेळी उभं राहायचं असतं हे पायांच्या लक्षात होतं.

"एकशे सेहेचाळीस," सर दोनला दहा मिनिटं कमी असताना म्हणाले. "अभिनंदन, तुम्ही साक्षर झालात."

"चार कुठे गेले?"

"घड्याळाचं चित्र. किती वाजले, विचारलं होतं. तुम्ही लिहिलंय, 'लहान काटा योग्य जागी नसल्याने निश्चित वेळ सांगता येत नाही.'"

"पण तो नाहीच आहे योग्य जागी! बघा ना, सव्वातीन म्हटलं तर काटा तीनच्या पुढे हवा. इथे बरोबर तीनवर आहे. हे चित्र ज्याने काढलं त्याला बोलवा. माझी फेरतपासणीची मागणी आहे, लेखी देतो. चौतीस वर्षांत..."

बाहेर भागीरथीने पाटी खाली ठेवली, पदराने हात कोरडे केले आणि केस सारखे करू लागली. एखादी बाई लग्नाच्या मांडवात शिरण्याआधी करते तसे.

भिंतीवरच्या घड्याळात, ज्याचे दोन्ही काटे योग्य जागी होते, दोनला सात मिनिटं कमी होती.

"सव्वातीन," पेंडुरकर म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. सव्वातीनच. चार मार्क कापा. कुठे सही करू?"

सही झाली, यादीतून नाव गेलं, आणि नव्या कोऱ्या साक्षर जयप्रकाश पेंडुरकरांनी दोनला दोन मिनिटं असताना श्रीमती भागीरथी मढवी यांची नोंदणी केली. शिकणाऱ्याची चौकट, वर. शिकवणाऱ्याची, खाली. दोनदा तपासून.

"सायेब, पाटी," भागीरथी दारातच थांबली.

"ठेवा तिथे. मी बघतो."

"मासली हाय ती, सायकल नाय. नुसता बगून चालत नाय. चारला गिऱ्हाईक येईल, नाय इकली तर सगली फुकट. मी जाते नाका पकडून इकते, पुडच्या वर्षी..."

"भागीरथीबाई," पेंडुरकर म्हणाले, "आत जा."

रकाना ७: इतर

चार वाजता शाळेच्या फाटकाबाहेर, यादीच्या बरोब्बर खाली, निवृत्त कार्यालय अधीक्षक उकिडवे बसले होते. इस्त्रीच्या पँटीवर मांदेलीचे खवले होते. मांदेली आणि कोळंबीचे वाटे त्यांनी रांगेत, समान अंतरावर मांडले होते, जणू टपाल. डाव्या अंगठ्याची शाई अजून गेली नव्हती. आत बाक रिकामे होत होते. गंगूबाई बाहेर आल्या, त्यांनी वाट्यांकडे पाहिलं, पेंडुरकरांकडे पाहिलं आणि एक वाटा घेऊन गेल्या. एकेकजण बाहेर पडत होता, भागीरथी नव्हती. सव्वाचार. साडेचार. पेंडुरकरांनी सरळ असलेले वाटे पुन्हा सरळ केले. अडली असेल. कोणी तरी तिचा हात धरला असेल. घड्याळाच्या चित्राशी तर अडकली नसेल?

आणि नेमके तेव्हाच पलीकडून अभय आणि शिवराम आले, पिशव्या घेऊन.

"काका?" अभय थबकले. "तुम्ही... इथे?"

"ही वेळ आली?" शिवराम म्हणाले. "अरे, मला सांगायचंस."

पेंडुरकरांनी मान वर केली. खुलासा करायला त्यांच्याकडे शब्द होते, साडेतीनशे नव्हे, हजार. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात शाळेच्या तळमजल्याच्या खिडकीतून एक आवाज आला, मासळी बाजारात तयार झालेला, तीन गल्ल्या ऐकू जाणारा.

"मास्तर! कागद संपला! अजून कागद द्या, मना अजून लिवायचा हाय!"

आत धावपळ झाली. प्रितम सर दारात आले, गोंधळलेले. "पेंडुरकर, त्या पुरवणी मागतायत. या परीक्षेला पुरवणी नसते. आजवर कोणी मागितलीच नाही. काय करू?"

"द्या," पेंडुरकर म्हणाले. त्यांचा आवाज परत चिरकला, पण या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "कुठलाही द्या. कोरा असला म्हणजे झालं."

सर आत पळाले. अभय अजून पिशवी उघडून उभे होते.

"काका, मांदेली कशी दिली?"

"श्शू," पेंडुरकर म्हणाले. "थांबा जरा. आमचा पेपर चाललाय."